चाळीस जाळ्या, पासष्ट जाळ्या आणि एका जाळीचा दर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही ते आपल्याला पाहता येईल. आपण दिंडोरी तालुक्यातून टोमॅटो जाळ्यांत, म्हणजे क्रेटमध्ये, भरून पिकअपने पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात पाठवता. एका खेपेला ४० जाळ्यांचे १,९०० रुपये भाडे झाले आणि दुसऱ्या खेपेला ६५ जाळ्यांचे २,६५० रुपये. पहिल्या पावतीची रक्कम जाळ्यांनी भागली तर जाळीमागे ४७.५० रुपये पडतात, दुसरीची भागली तर सुमारे ४०.७७ रुपये. शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की गाडीवाला मनाला येईल तो दर लावतो. यांतला खरा दर कोणता आणि येत्या खेपेला ५५ जाळ्या निघाल्या तर किती पैसे हाताशी ठेवायचे, हे आपल्याला हवे आहे. शेवटी आपण तिसऱ्या पावतीचाही उल्लेख केला आहे: ५० जाळ्या, २,३०० रुपये, त्या दिवशी तोडणी उशिरा आटोपल्यामुळे गाडी बांधावर दीड-दोन तास उभी होती. त्या पावतीकडे मी नंतर वळते, कारण पहिल्या दोन पावत्यांचा उलगडा झाल्याशिवाय ती काय सांगते ते कळणार नाही.

मी नाशिकमध्ये गेली बावीस वर्षे लहान कारखान्यांचे आणि पॅकिंग करणाऱ्यांचे कॉस्टिंगचे, म्हणजे नगामागे खर्च किती येतो याचे, हिशेब पाहत आले आहे, आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत माझ्यासमोर येतो. सातपूरचा कारखानदार सुट्या भागांबद्दल विचारतो, पंचवटीतला छापखानेवाला लग्नपत्रिकांबद्दल विचारतो, आपण जाळ्यांबद्दल विचारत आहात. प्रश्नाचे मूळ एकच असते: एकूण रक्कम नगांनी भागली की आलेला आकडा म्हणजे दर, असे आपण शाळेपासून धरून चाललेलो असतो.

शाळेत आपण एकमान पद्धत शिकलो. डझनभर वह्यांचे ३६० रुपये, तर एका वहीचे ३०, तर सात वह्यांचे २१०. आपल्या आजोबांच्या पिढीने हेच त्रैराशिक म्हणून घोकले. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी मांडायच्या आणि चौथी काढायची. पद्धत निर्दोष आहे, पण तिच्या पोटात एक अट आहे आणि ती अट बहुतेक वेळा कोणी उच्चारून दाखवत नाही. शून्य नगांना शून्य रुपये लागले पाहिजेत, ही ती अट. वह्यांना ती लागू पडते, कारण वही घेतली नाही तर दुकानदार आपल्याकडे पैसे मागत नाही. पिठाच्या गिरणीत किलोमागे दळणावळ ठरलेली असते, तिथेही ती लागू पडते. गाडीला मात्र ती लागू पडत नाही. आपण एकच जाळी पाठवायची म्हटली तरी चालकाला आपल्या बांधापर्यंत रिकामी गाडी आणावी लागते, डिझेल जाळावे लागते, आवारात रांगेत उभे राहावे लागते. हा खर्च जाळ्या मोजत नाही. म्हणून ४७.५० आणि ४०.७७ हे दोन्ही आकडे गणित म्हणून बरोबर असूनही चालकाने लावलेला दर म्हणून दोन्ही चुकीचे आहेत.

मग दर कसा काढायचा? दोन पावत्यांमध्ये जे समान आहे ते वजाबाकीने काढून टाकायचे. गाडी बांधावर येण्याचा खर्च दोन्ही खेपांत सारखाच आहे, हे धरून मोठ्या पावतीतून लहान पावती वजा केली की तो खर्च आपोआप गळून पडतो. २,६५० वजा १,९०० म्हणजे ७५० रुपये, आणि ६५ वजा ४० म्हणजे २५ जाळ्या. हे ७५० रुपये निव्वळ त्या जास्तीच्या २५ जाळ्यांमुळे लागले आहेत, दुसरे कोणतेही कारण त्यात शिल्लक नाही. ७५० भागिले २५ म्हणजे जाळीमागे ३० रुपये. आता मागे वळून पाहा: ४० जाळ्यांचे ३० प्रमाणे १,२०० रुपये, पावती १,९०० ची, म्हणजे ७०० रुपये फेरीचे. दुसऱ्या पावतीने पडताळा घ्या: ६५ जाळ्यांचे १,९५० अधिक ७०० बरोबर २,६५०. दोन्ही पावत्या एकाच नियमात बसल्या. ५५ जाळ्यांना १,६५० अधिक ७००, म्हणजे २,३५० रुपये लागतील. ४७.५० च्या दराने आपण २,६१२ रुपये धरले असते आणि ४०.७७ च्या दराने २,२४२. म्हणजे एका बाजूला अडीचशेहून अधिक रुपये जास्त आणि दुसऱ्या बाजूला शंभराहून अधिक कमी.

घरात कोणी दहावीत असेल तर त्याच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे हे प्रकरण आहे, आणि निर्देशक भूमितीत रेषेचा चढ काढायला शिकवतात. आपले ३० रुपये म्हणजे तो चढ, आणि ७०० म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो बिंदू. मुलांना हे सूत्र पाठ असते; बापाच्या पावत्यांमध्ये तेच सूत्र बसलेले आहे हे त्यांना सहसा कोणी दाखवत नाही. चौकटीच्या कागदावर त्याच्याकडून हे दोन बिंदू एकदा मांडून घ्या.

इथे थांबून मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणत्याही दोन बिंदूंमधून एक सरळ रेषा जातेच. त्यामुळे दोन पावत्या नियमात बसल्या हा नियम खरा असल्याचा पुरावा होत नाही. त्या बसणारच होत्या. पुरावा तिसऱ्या पावतीपासून सुरू होतो, आणि आपली तिसरी पावती नेमकी बसत नाही. ५० जाळ्यांना वरच्या नियमाने २,२०० रुपये व्हायला हवेत, आपण २,३०० दिले.

या शंभर रुपयांनी किती गोंधळ होऊ शकतो ते पाहण्यासारखे आहे. आपल्या हातात ४० आणि ५० जाळ्यांच्याच पावत्या असत्या, तर फरक ४०० रुपये आणि १० जाळ्या, म्हणजे दर ४० रुपये आणि फेरीचे ३०० निघाले असते. ५० आणि ६५ च्या पावत्या असत्या तर ३५० रुपये आणि १५ जाळ्या, म्हणजे दर २३.३३ रुपये आणि फेरीचे सुमारे १,१३३. तीन पावत्यांतून दोन-दोन निवडल्या तर तीन वेगवेगळे दर मिळतात. शंभर रुपयांची चूक दहा जाळ्यांच्या फरकात मिसळली तर दरात जाळीमागे दहा रुपयांचा घोळ होतो. तीच चूक पंचवीस जाळ्यांच्या फरकात मिसळली तर चार रुपयांचा. म्हणून माझा नेहमीचा सल्ला असा, की दर काढण्यासाठी पावत्या निवडताना नगांमध्ये शक्य तितके जास्त अंतर असलेल्या निवडाव्यात. आमच्या व्यवसायात याला सर्वाधिक आणि सर्वात कमी उत्पादनाच्या महिन्यांवरून खर्च वेगळा करण्याची पद्धत म्हणतात. तीही डोळे झाकून वापरता येत नाही, कारण सर्वात कमी उत्पादनाचा महिना बहुधा दिवाळीच्या सुट्टीचा किंवा यंत्र बंद पडल्याचा असतो आणि त्या महिन्यातले आकडे मुळातच नेहमीचे नसतात.

तर मग तीनपैकी वेगळी पावती कोणती? खरे सांगायचे तर हे नुसत्या आकडेमोडीने ठरत नाही. दर ४० आणि फेरीचे ३०० हेही चांगले गोल आकडे आहेत, आणि कोणी म्हणू शकेल की खरा नियम तोच, ६५ जाळ्यांच्या खेपेला चालकाने अडीचशे रुपये सोडले. मी ५० च्या पावतीला वेगळी मानते ती केवळ आपण स्वतः लिहिलेल्या एका वाक्यामुळे: त्या दिवशी गाडीची खोटी झाली होती, म्हणजे ती ताटकळत उभी राहिली होती. दीड-दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीचे चालकाने शंभर रुपये धरले असतील, तर ते जाळ्यांचेही नाहीत आणि फेरीचेही नाहीत, ते आपल्या उशिरा आटोपलेल्या तोडणीचे आहेत. म्हणून पावतीच्या मागे पेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या: कोणत्या रानातून माल भरला, खोटी झाली का, हमाली धरून भाडे दिले की हमाली वेगळी. महिनाभराने हे कोणालाच आठवत नाही. आपले दोन तुकडे दोन वेगळ्या शिवारांत असतील आणि अंतरात सात-आठ किलोमीटरचा फरक असेल, तर त्यांच्या पावत्या एकत्र मिसळू नका; वजाबाकीने समान खर्च गळतो हे आपण म्हटले, पण तो मुळात समान असायला हवा.

हा नियम किती दूरपर्यंत चालेल, हेही परिस्थितीवर अवलंबून आहे. जाळी २० किलोची धरली तर ६५ जाळ्यांत १,३०० किलो माल झाला, वर रिकाम्या जाळ्यांचे वजन. गाडीची वहनक्षमता दीड टनाच्या आसपास असेल तर सत्तरएक जाळ्यांनंतर दुसरी गाडी लागेल आणि फेरीचे ७०० रुपये पुन्हा एकदा उभे राहतील. म्हणजे ९० जाळ्यांना ७०० अधिक २,७०० असे ३,४०० नव्हेत, तर ४,१०० रुपये लागतील. रेषा तिथे एक पायरी चढते. आपल्या घरच्या विजेच्या बिलात याच्याच भाऊबंदाचा अनुभव येतो: महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार वेगळा असतो, आणि युनिटचा दर १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अशा टप्प्यांनी बदलतो. त्यामुळे ९० युनिटचे आणि २५० युनिटचे बिल घेऊन फरकाने दर काढला तर येणारा आकडा कोणत्याच टप्प्याचा नसतो, दोन टप्प्यांची भेसळ असते. दोन्ही बिले एकाच टप्प्यातली घेतली तरच फरकाचा अर्थ लागतो. उलट बाजारातल्या बंद पाकिटांवर हल्ली एककामागची विक्री किंमत छापलेली असते. ती सरळ भागाकाराने काढलेली असते आणि पाकिटापुरती ती ठीकच आहे, कारण तिथे फेरीचा खर्च ग्राहकाला वेगळा द्यायचा नसतो.

एककाबद्दल एक छोटी सूचना. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलमागे बोलला जातो, आपला टोमॅटो जाळीमागे. वाहतुकीचा दर कोणाशी ताडून पाहायचा असेल तर आधी दोन्ही एकाच मापात आणा. जाळीमागे ३० रुपये म्हणजे २० किलोच्या जाळीला किलोमागे दीड रुपया, म्हणजे क्विंटलमागे १५० रुपये, आणि फेरीचे ७०० त्यात आलेले नाहीत.

आता मला महत्त्वाचा वाटणारा भाग. ३० रुपये हा दर मिळाल्यावर ४७.५० निरुपयोगी ठरतो का? नाही. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि नुकसान होते ते एका प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिल्याने. हे मी स्वतः चुकून शिकले. धंद्यात नवी असताना अंबडच्या एका लहान कारखान्यासाठी मी भाव काढून दिला होता. त्यांनी आधी ४०० नगांचे काम केले होते, खर्च १८,००० रुपये आला होता, म्हणजे नगामागे ४५. दुसऱ्या ग्राहकाला तसेच १५० नग हवे होते. मी ४५ वर सात रुपये नफा धरून ५२ रुपयांचा भाव दिला आणि समाधानाने घरी गेले. काम झाल्यावर कळले, की यंत्राच्या सेटिंगचेच, म्हणजे काम सुरू करण्याआधी यंत्र त्या नगासाठी लावून घेण्याचेच, ६,००० रुपये होते आणि नगाला खरे तर ३० रुपयेच लागत होते. १५० नगांना ६,००० अधिक ४,५०० म्हणजे १०,५०० रुपये खर्च आला आणि ७,८०० रुपये वसूल झाले. २,७०० रुपयांचा खड्डा माझ्या भागाकाराने पाडला. मालक भले गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, की ताई, पुढच्या वेळी यंत्राजवळ उभे राहून हिशेब करा.

त्याच कारखान्यात पुढे उलटा प्रसंग आला. सेटिंग चढलेली होती, आणि ग्राहकाने त्याच वेळी आणखी १०० नग ४० रुपयांनी मागितले. मालक नको म्हणत होते, कारण त्यांच्या डोक्यात ४५ बसले होते. मी त्यांना सांगितले, की सेटिंगचे पैसे पहिल्या कामात लागून गेले आहेत. हे १०० नग केल्याने वाढणारा खर्च ३,००० आणि येणारी रक्कम ४,०००, तर नाही का म्हणायचे?

आपल्या टोमॅटोला हेच लावून पाहा. समजा बाजारात जाळीला ६० रुपये मिळत आहेत, आणि तोडणी व भरणीची मजुरी जाळीमागे १५ रुपये पडते. (हे दोन आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, आपले घाला. तोलाई वगैरे कपात असेल तर तीही धरा.) गाडी बांधावर उभी आहे, ४० जाळ्या भरून झाल्या आहेत, आणि आणखी दहा जाळ्यांचा माल झाडावर आहे. तो तोडायचा का? ४७.५० आणि १५ मिळून ६२.५० होतात, म्हणून सरासरीच्या हिशेबाने जाळीमागे अडीच रुपये तोटा दिसतो आणि माणूस माल झाडावर सोडून देतो. पण गाडी आधीच आलेली आहे. त्या दहा जाळ्यांपैकी प्रत्येकीमुळे वाढणारा खर्च ३० अधिक १५, म्हणजे ४५ रुपये आहे आणि मिळकत ६०. जाळीमागे १५ रुपये हातात राहतात. माल तोडून भरावा.

गाडी बोलवायचीच की नाही हा मात्र आदल्या रात्रीचा प्रश्न आहे, आणि त्यात ७०० रुपये धरलेच पाहिजेत, कारण ते अजून खर्च झालेले नाहीत. जाळीमागे १५ रुपये सुटत असतील तर ७०० भरून निघायला ७०० भागिले १५, म्हणजे ४६.६७, म्हणून किमान ४७ जाळ्या लागतील. ४० जाळ्या पाठवल्या तर २,४०० रुपये येतील आणि भाडे व मजुरी मिळून २,५०० जातील, शंभर रुपये खिशातून. ६५ पाठवल्या तर ३,९०० येतील, ३,६२५ जातील, २७५ राहतील. भाव ६० असताना आपली रेघ ४७ जाळ्यांवर आहे. भाव ५५ झाला तर तीच रेघ ७० वर सरकते, म्हणजे गाडी काठोकाठ भरली तरी जेमतेम बरोबरी. अशा दिवशी भावकीतल्या कोणाच्या २५ जाळ्या आपल्या ४० बरोबर एकाच गाडीत गेल्या तर दोघांचे मिळून ७०० रुपये वाचतात. ते निम्मे-निम्मे वाटायचे की जाळ्यांच्या प्रमाणात, हे गणित ठरवत नाही. ते आपसांतले संबंध ठरवतात.

शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दल: पहिल्या दोन पावत्यांवरून चालकाने मनाला येईल तो दर लावला असे मला दिसत नाही. फेरीचे ठरावीक आणि वर जाळीमागे ठरावीक, असा त्याचा हिशेब असावा, आणि तोंडी बोलताना त्याने तो दोन भागांत कधी सांगितला नसेल. पण एक शक्यता उरते. काही गाडीवाले किमान भाडे ठरवतात आणि त्याच्या वर जाळीप्रमाणे घेतात. तसे असेल तर ४० जाळ्यांचे १,९०० हे त्याचे किमान भाडे असू शकते, आणि मग माझी फरकाची पद्धत इथे फसते, कारण दोन पावत्या एकाच रेषेवरच्या नाहीत. हे ओळखायला नवी खेप पाठवण्याचीही गरज नाही. चालक भेटेल तेव्हा सहज विचारा, की २५ जाळ्यांचे काय घ्याल. तो १,४५० च्या आसपास काही म्हणाला तर वरचा सगळा हिशेब टिकतो. तो १,९०० च म्हणाला तर १,९०० कुठपर्यंत चालतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक जाळीला किती, हे लगेच त्याच्याकडूनच विचारून घ्या, आणि किमान ४७ जाळ्या हा आकडा खोडून नव्याने काढा.